मागच्या दाराचं कुलूप

मी एक जुनं कुलूप आहे. तळहाताएवढं, जड, एका कुशीवर धुराचा काळा डाग असलेलं. मित्रांनो, तोंड बंद ठेवणं हेच आम्हा कुलपांचं काम. पण मी सात वर्षं तोंड बंद ठेवलं आणि त्याची शिक्षा एका भल्या माणसाने भोगली. म्हणून आज बोलते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. मला जुळवणाऱ्या कारागिराला त्या दिवशी घरी जायची घाई होती. माझ्या पोटातला एक खटका केसभर खाली बसला आणि मला जन्मभराची खोड लागली. नुसती किल्ली फिरवली तर मी उघडत नाही. आधी मला तळहातावर उचलायचं, माझं वजन हातात घ्यायचं आणि मग किल्ली फिरवायची. तसं केलं की मी लोण्यासारखं उघडते. वजन न घेता जितका जोर लावाल, तितकं मी घट्ट आवळते.

एका शिक्षणसंस्थेने मला विकत घेतलं. संस्थेची शाळा होती, कॉलेज होतं आणि दोन्हींच्या मधे मुलांची अभ्यासिका होती. अभ्यासिकेच्या मागच्या दाराने मुलं सटकत. व्यवस्थापकसाहेबांनी फर्मान काढलं, "मागचं दार बंद म्हणजे बंद. आतून कुलूप ठोका."

चौकीदाराने मला ठोकलं. माझी खोड त्याला पहिल्याच दिवशी कळली. त्याची मुलगी डबा घेऊन यायची, तिलाही त्याने शिकवलं. "आधी त्याचं वजन आपण घ्यायचं, चिमे. मग ते आपलं ऐकतं." दर महिन्याला तो मला दोन थेंब तेल द्यायचा. तीनदा त्याने साहेबांना लेखी कळवलं, की हे कुलूप अडतं, दुसरं द्या. साहेब म्हणाले, "अडतंय ते बरंच आहे. पोरं पळणार नाहीत."

तरी चौकीदाराला चैन पडेना. त्याने किल्ली तिथेच, वेळापत्रकाच्या फळीमागे एका खिळ्याला अडकवली आणि नववीतल्या एका समंजस मुलाला सांगून ठेवलं, "कधी वेळ आलीच तर किल्ली इथे आहे. आणि हे कोणाला बोलायचं नाही."

किल्ली कुठे आहे ते त्याने सांगितलं. मला उचलायचं ते सांगायचं राहिलं. त्याच्या हाताला ते इतकं सवयीचं झालं होतं, की ही सांगायची गोष्ट आहे हेच तो विसरून गेला होता.

एका दुपारी पुढच्या दाराजवळच्या वायरींनी पेट घेतला. साहेबांनी चौकीदाराला आपल्या गाडीत खोकी भरायला पाठवलं होतं. आत बावीस मुलं होती. त्या समंजस मुलाने खिळ्यावरची किल्ली काढली, माझ्यात घातली आणि सगळं बळ एकवटून फिरवली. फिरवतच राहिला. मित्रांनो, लोखंडाला इच्छा नसते. मी अडले. बंबवाल्यांनी दार फोडलं तेव्हा एकवीस मुलं जिवंत होती. त्याच्या बाकावरचा मित्र नव्हता.

साहेबांनी चौकशीत एकच वाक्य सांगितलं. "चौकीदाराने कुलूप परस्पर लावलं आणि किल्ली खिशात घालून तो चहाला गेला."

चौकीदाराने खिळा दाखवला. खिळा रिकामा होता. किल्लीची ही जागा कोणाला माहीत होती, असं विचारल्यावर मात्र त्याने नाव घेतलं नाही. तीन दिवस त्याला ऑफिसबाहेरच्या लाकडी बाकावर बसवून ठेवलं होतं. चौथ्या दिवशी काढून टाकलं. जाताना त्याने फुटक्या दाराच्या ढिगातून मला उचललं आणि घरी आणलं. बंदच. त्यानंतर घराचं दार त्याने कधी लावून घेतलं नाही, थंडीतसुद्धा नाही. तीन वर्षांनी एका दुपारी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही. त्याचा चष्मा कित्येक महिने नेहमीच्या खुंटीवर होता. कोणी काढला नाही.

मुलगी बारावी झाली. तिने त्याच संस्थेच्या कॉलेजात नाव घातलं.

"त्या जागेत पुन्हा पाय ठेवायचा नाही," आई म्हणाली.

"पाय ठेवायला नाही जात, आई. त्यांचं कुलूप परत द्यायला जातेय." तिने मला बॅगेत टाकलं.

तीन वर्षं मी त्या बॅगेच्या तळाशी राहिले. वह्या बदलल्या, मी बदलले नाही. कधी लेक्चर चालू असताना तिचा हात आत यायचा आणि मला घट्ट धरायचा. त्या मुठीत किती राग होता, ते माझ्याइतकं कोणालाच माहीत नाही.

तिच्या वर्गात एक मुलगा होता. तो नेहमी दाराशेजारी बसायचा आणि कोणी दार लावलं की बाहेर जाऊन उभा राहायचा. पोरं त्याला 'उंबऱ्या' म्हणत. "अरे उंबऱ्या, आत ये, नाहीतर तुला ओलांडूनच जावं लागेल!" तोही हसायचा. वर्गात एकटी ती हसत नसे.

एके दिवशी तिने बांधकामावरची एक वीट आणली आणि दाराला लावून ठेवली. विचारलं नाही, सांगितलं नाही. रोज सकाळी ती वीट दाराशी असायची. महिन्याभराने तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"वीट तू ठेवतेस?"

"माझ्या घरचं दार पण उघडंच असतं," ती म्हणाली. "बस. माझ्याकडे दोन पोळ्या जास्त आहेत."

तिथून पुढे डबा एक झाला. तो कधी कधी बोलता बोलता हाताची मूठ घट्ट आवळून घ्यायचा. ती त्याच्या मुठीखाली आपला तळहात धरायची आणि मूठ सैल होईपर्यंत वहीत बघत बसायची. आग लागली तेव्हा तो आत होता, एवढं त्याने सांगितलं. वडील गेले, एवढं तिने सांगितलं. दोघांनीही निम्मंच सांगितलं होतं.

तिसऱ्या वर्षी एका रिकाम्या वर्गात तिने मला बॅगेतून काढून बाकावर ठेवलं. "माझे बाबा तिथे चौकीदार होते. हे त्यांचं कुलूप."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने गळ्यातला दोरा ओढून बाहेर काढला. दोऱ्याला किल्ली होती.

"त्यांनी फक्त मला सांगितलं होतं," तो म्हणाला. "माझ्याने फिरली नाही. मला बाहेर काढलं तेव्हा ती मुठीतच होती. नंतर मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, किल्ली हातात होती आणि मित्राला वाचवलं नाहीस."

"आणि माझे बाबा?"

त्याने किल्ली पुन्हा शर्टाच्या आत सारली.

मला उचलून ती निघून गेली. अकरा दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. वीट मात्र रोज दाराशी असायची. बाराव्या दिवशी ती आली.

"बाबांना तुझं नाव माहीत होतं. चौकशीत त्यांनी ते घेतलं नाही. का, ते मला आत्ता कळलं." मग तिने मला तळहातावर उचललं. "किल्ली दे. उचलायचं असतं. हे सांगितलं नव्हतं ना त्यांनी?"

"नाही."

तिने किल्ली फिरवली. खट् झालं आणि मी सात वर्षांनी उघडले. तो बाकावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. जोर कमी पडला नव्हता, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

"तुला माफ केलंय की नाही, ते मला अजून माहीत नाही," ती म्हणाली. "पण आधी त्या साहेबांकडे बघायचंय. येशील?"

"दार उघडं असेल तिथे कुठेही येईन. बंद असेल तर तू पुढे हो."

नवीन अभ्यासिका बांधून झाली होती. तिच्यावर साहेबांचं नाव लागणार होतं. मुलगी उद्घाटनाच्या समितीत शिरली. "सर, फीत काय कोणीही कापतं. तुमच्या हाताने कुलूप उघडलं तर?" साहेबांना कल्पना फार आवडली.

त्या दिवशी नव्या दारावर मी लटकत होते. समोर पालक, प्राध्यापक, विद्यार्थी. साहेबांनी ताटातली किल्ली उचलली, फोटोसाठी हसले आणि फिरवली. पुन्हा फिरवली. मित्रांनो, त्या दुपारी मी अडले ती माझी खोड होती. आज मात्र मी मनापासून अडले. त्यांनी दोन्ही हात लावले. कपाळावर घाम आला. मागे कोणीतरी खुदकन हसलं.

"कोणी लावलं हे भंगार?" ते ओरडले.

"तुम्हीच, सर," ती म्हणाली. "सात वर्षांपूर्वी."

साहेबांनी माझ्या कुशीवरचा काळा डाग पाहिला. "मी लावायला सांगितलं, कारण पोरं पळत होती! किल्ली त्या चौकीदाराने नेली, त्याला मी काय…"

ते थांबले. पण वाक्य सगळ्यांनी ऐकलं होतं. कुलूप परस्पर लावलं, असं सांगणारा माणूस हाच होता.

"किल्ली त्यांनी नेली नव्हती," उंबऱ्या पुढे आला. त्याचा आवाज फाटला, पण थांबला नाही. "फळीमागच्या खिळ्याला होती. मी काढली. तुमच्या हातात आहे तीच. मीसुद्धा अशीच फिरवत होतो, सर. फक्त मागे धूर होता."

गर्दीतून वाट काढत एक बाई पुढे आली. ती त्याच्या मित्राची आई होती.

मुलीने साहेबांच्या हातातून किल्ली घेतली, मला तळहातावर घेतलं आणि दोन बोटांनी उघडलं. "हे कुलूप अडतं, असं माझ्या वडिलांनी तीनदा लिहून दिलं होतं."

चौकशी पुन्हा सुरू झाली. दारावरचं नाव उतरलं. स्क्रूची चार भोकं अजून आहेत. पुढच्या आठवड्यात ऑफिसबाहेरच्या त्याच लाकडी बाकावर साहेब हाक यायची वाट बघत बसले होते. ती दोघं तिथून चालली होती.

"झालं समाधान?" साहेबांनी विचारलं.

"अजून नाही," ती म्हणाली. "आज पहिलाच दिवस आहे. बाबा तीन दिवस बसले होते."

आता मी तिच्या टेबलावर उघडं पडून असते. उंबऱ्या दर महिन्याला मला दोन थेंब तेल देतो. त्याला माफी मिळाली का, ते तिने मला सांगितलेलं नाही. पण तेलाची बाटली तीच आणून ठेवते.

मित्रांनो, झालं गेलं विसरा, असं मी सांगेन असं तुम्हाला वाटलं असेल. मी लोखंड आहे, मला ते जमत नाही. मी एवढंच मागते. जुन्या कुलपाला तेल द्या. दार बंद करण्याआधी आत कोण आहे ते पाहा. आणि एखादा साधा माणूस तीनतीनदा सांगत असेल, की हे अडतंय, तर पहिल्याच वेळी त्याचं ऐका. नाहीतर एक दिवस किल्ली तुमच्या हातात असेल आणि मी तुमच्यासमोर.