न आलेल्या टॅबचं जुनं कव्हर

मित्रांनो, मी एक जुनं कव्हर आहे. ज्या टॅबसाठी मला शिवलं, तो मात्र अजून बाजारात आलेला नाही. म्हणजे वयाने मी त्याच्याहून निदान तीन वर्षांनी मोठा आहे.

माझा जन्म डोंबिवलीत, शेवंतीबाईंच्या शिलाई मशीनवर झाला. त्या घरीच पिशव्या शिवतात. त्यांचा मुलगा विनीत ठाण्याला नोकरीला जातो. एका रविवारी त्याने आईला मोबाईलवर एक फोटो दाखवला. दोन स्क्रीनचा टॅब, वहीसारखा उघडणारा. शेवंतीबाईंची शाळा नववीत सुटली होती आणि त्यांना बाहेरून दहावीला बसायचं होतं. विनीत म्हणाला, आई, एका स्क्रीनवर धडा, दुसऱ्या स्क्रीनवर तू गणितं सोडव. हा टॅब येऊ दे, मग बघ.

त्या आनंदात त्यांनी मला शिवलं. बाहेरून निळं जाड कापड, आतून मऊ अस्तर, कडेला चेन. माप फोटोवरून घेतलं. फोटोत टॅबशेजारी चहाचा कप होता. तो आपल्या घरातल्या कपाएवढाच असणार, असं धरून चाललं सगळं.

शेजारच्या गोदामावशी तेव्हाच म्हणाल्या, "अगं शेवंती, बाळ यायच्या आधी कुंची शिवू नये." कुणी ऐकलं नाही. त्या दसऱ्याला मशीन, कात्री आणि विनीतच्या लॅपटॉपशेजारी माझीही पूजा झाली. पोटात काही नसताना मला झेंडूचं फूल मिळालं. तेव्हा अभिमान वाटला होता. आता लाज वाटते.

टॅब दिवाळीत येणार होता. मग नव्या वर्षात. मग नुसता "लवकरच". शेवंतीबाई म्हणायच्या, तोवर तूच अर्धा तास शिकव ना. विनीत म्हणायचा, टॅब आला की नीट करू, आता उगाच कशाला. मी समोर खुंटीला लटकलेलो असायचो. कव्हर तयार आहे म्हणजे टॅब येणारच, असं त्या घराला वाटायचं. थाप कंपनीची होती, पण पुरावा मी होतो.

यंदा शेवंतीबाईंनी वाट बघणं सोडलं. जुनी पुस्तकं आणून त्या मशीनशेजारी बसून शिकल्या. गावाहून शाळेचा दाखला मागवला. बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि सगळे कागद माझ्यात ठेवले, कारण घरात एवढी स्वच्छ आणि रिकामी जागा दुसरी नव्हती. स्वतः शाळेत जायची त्यांना लाज वाटत होती.

सकाळी त्यांनी मला विनीतच्या हातात दिलं. "यात माझा फॉर्म आहे. आज शेवटची तारीख. जाताना शाळेत दे रे."

विनीतच्या कानात इयरफोन होते. त्याच दुपारी टॅब जाहीर होणार होता आणि त्याच्या बिजागरीचा रंग कोणता, यावर कुणीतरी चाळीस मिनिटं बोलत होतं. तो "हो" म्हणाला. आईने शकुन म्हणून कव्हर दिलं, असं त्याला वाटलं. आम्ही शाळेच्या फाटकासमोरून गेलो. मला तोंड आहे, पण त्याला चेन आहे.

ठाण्याच्या ऑफिसात मी लॅपटॉपसमोर बसलो. चार वाजता समारंभ सुरू झाला. अकराव्या मिनिटाला एका हसऱ्या माणसाने सांगितलं, दोन स्क्रीनचा टॅब पुढच्या वर्षी. विनीतने सुस्कारा टाकला आणि उगाच माझी चेन उघडली.

आतून आई त्याच्याकडे बघत होती. फॉर्मवर चिकटवलेला फोटो.

तो धावत सुटला. डोंबिवलीला पोचला तेव्हा शाळेच्या ऑफिसला कुलूप होतं.

घरी त्याने सगळं सांगितलं. शेवंतीबाईंचे पाय मशीनवर थांबले. "म्हणजे तुझा टॅब पुढच्या वर्षी आणि माझी दहावीही पुढच्या वर्षी," त्या म्हणाल्या. "बरं. जेवायला बस."

विनीत जेवायला बसला नाही, बीजगणिताचं पुस्तक घेऊन बसला. म्हणाला, आजपासून रोज शिकवतो. पहिलंच गणित त्याला येईना. शेवंतीबाईंनी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि चार ओळींत सोडवून दाखवलं. त्या पास झाल्या असत्या, हे तेव्हा त्यालाही कळलं आणि मलाही.

मित्रांनो, येणाऱ्या वस्तूची वाट खुशाल बघा. पण घरातल्या कुणी हातात काही दिलं, तर कानातलं काढा आणि तिथल्या तिथे उघडून बघा. आत त्यांचं एक अख्खं वर्ष असू शकतं.