धुळ्याला कोण ओळखतं?

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरून प्लास्टिकची छोटी बाटली सुगंधाकडे सरकवली. सुगंधाने ती दोन बोटांनी परत त्यांच्याकडे सरकवली.

"लघवी तपासल्याशिवाय मी पुढचं काही लिहून देणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कशासाठी तपासायची?"

"पोट वाढलंय, पाळी चुकलीय. आणखी कशासाठी?"

"माझे पती जाऊन सहा वर्षं झाली. आल्या आल्याच सांगितलं मी तुम्हाला."

"ते सगळ्याच सांगतात हो."

डॉक्टरीणबाईंच्या आवाजात खोच नव्हती. सवयीने बोलल्या होत्या, आणि सुगंधाला त्याचीच जास्त चीड आली. जळगावच्या कन्याशाळेत ती विज्ञान शिकवायची. आधी निरीक्षण, मग अनुमान, हे नववीतल्या मुलींकडून ती फळ्यावर लिहून घ्यायची. इथे भिंतीवर चौकटीत पदव्या टांगलेल्या बाईने अनुमान आधीच काढून ठेवलं होतं आणि निरीक्षण बाटलीत भरून मागत होती.

"माझी मोठी बहीण मंजुळा अंडाशयाच्या कॅन्सरने गेली," सुगंधा म्हणाली. "तिचंही असंच झालं होतं. दोन घासांत पोट भरायचं, कमरेत दुखायचं, मग पोट वाढायला लागलं. वरणगावच्या डॉक्टरांनी वर्षभर जुलाबाची औषधं दिली. मला सोनोग्राफी लिहून द्या."

"देते ना. आधी बाटली."

सुगंधा उठली. "ठेवा ती तुमच्याकडेच," ती म्हणाली आणि दार उघडून बाहेर आली.

बाहेर बाकावर तिचा मोठा दीर देवचंद बसला होता. डॉक्टरीणबाईंनी त्याला आत बोलावलं. तो परत आला तेव्हा टोपी त्याच्या हातात होती. मेहरूणला घरी पोचेपर्यंत रिक्षात त्याने ती डोक्यावर घातली नाही. सुगंधाच्या लक्षात आलं, की बाटली नाकारली याचा अर्थ त्याने लावून टाकला आहे. समजावून सांगायचं नाही, असं तिने ठरवलं. ज्याला एवढंही कळत नाही त्याला काय समजावायचं?

दिवाळी गेली. एका डॉक्टरांनी गॅसचं गुलाबी औषध दिलं. दुसऱ्यांनी साबुदाण्यासारख्या गोड गोळ्या देऊन विचारलं, रात्री वाईट स्वप्नं पडतात का. बोदवडच्या वैद्याने नाडी धरून डोळे मिटले आणि वायू सांगितला. त्याला बिचाऱ्याला सगळ्या जगात वायूच दिसत असावा. सोनोग्राफी केंद्रात सुगंधा एकटीच जाऊन आली. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "चिठ्ठी? मालक कुठंयत?" ती तशीच परत फिरली.

घरात सासू, यशोदाबाई, तिच्या मोरीतल्या आवाजांवर कान ठेवून असायची. दारात कोणी आलं की सुगंधाला मागच्या खोलीत पाठवायची. सुगंधा जेवताना म्हणायची, "मला कॅन्सर असेल, आई." यशोदाबाई ताटात बघत राहायची. देवचंद म्हणायचा, "वंगाळ बोलू नको." पाप बोललेलं चालत नव्हतं आणि रोगही बोललेला चालत नव्हता. पापावर त्यांचा विश्वास होता, रोगावर नव्हता, एवढाच फरक.

संक्रांतीनंतर तिला शाळेचा जिना चढवेना. पोट घट्ट, तकतकीत झालं आणि हात मात्र वाळले. मुली कुजबुजायला लागल्या तेव्हा मुख्याध्यापिकेने रजा घ्यायला सुचवलं, तेही अगदी हसून. त्या संध्याकाळी देवचंद ओसरीवरून म्हणाला,

"करू तुनी ती सोनोग्राफी. पन जळगावले नको. धुळ्याले जाऊ. तठे कोन वळखस आपले?"

धुळ्याच्या त्या केंद्रात बायकांची रांग भिंतीला लागून बसली होती. सांगितल्याप्रमाणे सगळ्यांनी पोटभर पाणी प्यायलेलं होतं आणि सगळ्या लघवी धरून, गुडघ्याला गुडघा दाबून बसल्या होत्या. प्रत्येकीशेजारी एक सासू होती. भिंतीवर गुटगुटीत बाळाचं कॅलेंडर होतं. ते बाळ मुलगी नव्हतं, एवढं चित्रकाराने नीट दाखवलं होतं.

"नाना! तुम्हीन आठे?"

मेहरूणला त्यांच्याच गल्लीत राहणारी लिलाबाई देवचंदसमोर उभी होती. मागे तिची सून, पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढलेला. सुनेला दोन मुली होत्या, हे गल्लीला माहीत होतं.

देवचंदचा हात टोपीकडे गेला. "तुम्हीन कशा काय?"

"सूननी पाठ दुखस," लिलाबाई म्हणाली. सुनेचे दोन्ही हात पोटावर होते.

सुगंधाला हसू आलं. ओळखीचं कोणी नको म्हणून दोन घरं इतक्या लांब आली होती आणि एकाच बाकापाशी भेटली होती. मग लिलाबाईची नजर तिच्या शालीवर आली, शालीखाली गेली आणि तिथेच थांबली.

"आनि मास्तरीनबाई?"

"कॅन्सर शे इले!" देवचंद मोठ्याने म्हणाला. "पोटमा. इनी बहीन बी त्यामाच गई."

सगळी रांग वळून बघायला लागली. सुगंधा देवचंदकडे बघत राहिली. तीन महिने जो शब्द त्याने घरात उच्चारू दिला नव्हता तो त्याने छत्रीसारखा फटकन उघडून डोक्यावर धरला होता. त्याचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. भिजायचं नव्हतं म्हणून हाताला लागलं ते उघडलं होतं.

"अरे देवा," लिलाबाई म्हणाली आणि सुनेला दंडाला धरून बाकाच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेली.

आतली खोली अंधारी होती. तरुण डॉक्टरने पडद्याकडे बघतच तिच्या पोटावर गार चिकट मलम ओतलं.

"कितवा महिना?"

"कोणताच नाही. अंडाशय बघा."

त्याने पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग यंत्राचा दांडा पोटावरून फिरवला, थांबवला, मागे नेला, पुन्हा त्याच जागी आणला. हे मात्र निरीक्षण होतं. सुगंधाला ते लगेच ओळखू आलं, आणि पाहिलेलं खोटं निघावं असं तिला अचानक, फार वाटलं.

डॉक्टरने देवचंदला आत बोलावलं.

"उजव्या अंडाशयावर मोठी गाठ आहे," तो म्हणाला. "थोडी पाण्याची, थोडी भरीव. पोटातही पाणी झालंय. ऑपरेशन करून गाठ तपासल्याशिवाय नक्की नाव देता येत नाही. पण तुम्ही मुंबईला जा. आजच निघता आलं तर आज."

"डावं अंडाशय?" सुगंधाने विचारलं.

"नीट दिसत नाही. आधी कोणाला दाखवलं होतं?"

"जळगावला. दिवाळीच्या आधी."

"मग तेव्हाच इकडे का नाही पाठवलं कोणी?"

या प्रश्नाचं उत्तर सुगंधाने कधीपासून तयार ठेवलं होतं. कोण कसा मूर्ख, हे तिला क्रमाने सांगता आलं असतं. पण आत्ता तिला फक्त टेबलावरून परत सरकणारी बाटली दिसली, आणि बाटलीवरची स्वतःची दोन बोटं. तिने साडीच्या टोकाने पोटावरचं मलम पुसायला घेतलं.

देवचंद खाकरला. "डॉक्टरसाहेब, दुसरं काही नाही ना?"

"दुसरं म्हणजे?"

"म्हणजे... एवढंच ना?"

डॉक्टरने पेन उचललं आणि अहवालाचा कागद पुढे ओढला. "एवढंच," तो म्हणाला.

एसटी स्टँडसमोरच्या एसटीडी बूथमध्ये देवचंदने शेजारच्यांच्या फोनवर यशोदाबाईला बोलावून घेतलं. काचेचं दार नीट लागत नव्हतं.

"आई, तसं काहीच नही वं! गाठ शे, गाठ. हाव, कॅन्सरच म्हन. मी डॉक्टरले इचारी लिधं, दुसरं काहीच नही." तो चक्क हसत होता. डोळे पुसत होता आणि हसत होता. मग त्याने रिसीव्हर सुगंधाच्या हातात दिला.

"घर ये, माय," पलीकडून यशोदाबाई म्हणाली. तिने कित्येक दिवसांनी सुगंधाला माय म्हटलं होतं. "चार दिन घर ऱ्हाय. बठ्ठी गल्लीले येऊ दे भेटाले, पाहू दे सोताना डोळाघाई. मंग जाय मुंबईले."

सुगंधाने रिसीव्हर जागेवर ठेवला.

"आई बरोबर सांगस," देवचंद म्हणाला. तिची पिशवी त्याने आपणहून खांद्याला लावली होती. "चार दिनमा काय व्हस?"

"पिशवी द्या," ती म्हणाली. "मी चाळीसगावला जाते. तिथून रेल्वेने कल्याणला, भावाकडे. मंजुळाला त्यानेच मुंबईला नेलं होतं, त्याला दवाखाना माहीत आहे."

"आनि लुगडाबिगडा?"

"मिळतात."

चाळीसगावची गाडी लागलेलीच होती. सुगंधा दांडा धरून वर चढली. आत उभ्याने जाणारे लोक दारापर्यंत आले होते. कंडक्टरने तिच्याकडे पाहिलं, मग शालीकडे, आणि पुढच्या सीटवरच्या माणसावर तो खेकसला.

"ए दादा, ऊठ तठून! दिवस गयेल शेत बाईले, दिसत नही का?"

"नही हो, कंडक्टरसाहेब!" खालून, खिडकीजवळून देवचंद ओरडला. "गाठ शे! गाठ शे तिले!"

तो माणूस उठून बाजूला झाला होता. कंडक्टर खिडकीकडे आणि सुगंधाकडे आळीपाळीने बघायला लागला.

"राहू द्या," सुगंधा त्याला म्हणाली आणि रिकाम्या झालेल्या जागेवर बसली. "गाडी सोडा."