यामिनीच्या वाट्याचं मांस

फ्रीजर उघडा होता आणि मंजिरी ओरडत होती.

"उल्हास! आधी इकडे ये. हे काय आहे?"

तिचा नवरा उल्हास चष्मा कपाळावर चढवून आला. फ्रीजरमध्ये मटारची पिशवी, पराठ्यांची थप्पी, रविवारसाठी आणलेलं बोकडाचं मटण, आणि त्या मटणाला टेकून एक चपटं, काळपट लाल पाकीट. वर कांगारूचं चित्र.

"अरे वा, पाहुणा! उडी मारून आत आला वाटतं."

"हसू नकोस. त्या यामिनीचं काम आहे हे."

वाचकहो, हे घर तुमच्या-आमच्या घरासारखंच होतं. कांगारूंच्या देशातल्या टार्निट नावाच्या उपनगरात, नव्या वसाहतीतलं, पुढे गवताचा तुकडा, गराजमध्ये तांदळाच्या गोण्या. २०२३ साल होतं. विमानं भरभरून विद्यार्थी येत होते आणि एका खोलीसाठी पोरं दहा दारं ठोठावत होती. मंजिरीने मागची खोली यामिनीला दिली. चंद्रपूरची, अकाउंटिंग शिकणारी, अंगाने किरकोळ मुलगी. शिकता शिकता वृद्धाश्रमात शिफ्ट करायची. "परक्यांत कशाला राहतेस? आपल्या माणसांत राहा," असं मंजिरीच तिला म्हणाली होती. आणि मनापासून म्हणाली होती.

यामिनी शिफ्टवरून आली तेव्हा पाकीट ओट्यावर तिची वाट पाहत होतं.

"हे तुझं?"

"हो, ताई. युनिव्हर्सिटीच्या क्लिनिकमध्ये ब्लड टेस्ट झाली ना, रक्त खूप कमी निघालं. गोळ्यांनी पोटात कळा येतात. डॉक्टर म्हणाल्या, गोळी बदलून देते, पण जोडीला रेड मीट खा. कांगारूत लोह भरपूर असतं, चरबी नावाला, प्रोटीन चांगलं. आणि स्वस्त पण आहे."

"अगं, ते कुत्र्यांचं खाणं आहे! आम्ही नवीन आलो तेव्हा पेट फूडच्या शेल्फमध्ये बघितलंय मी."

"ते वेगळं, ताई. हे माणसांसाठी तपासलेलं असतं. मी पातेलंसुद्धा वेगळं—"

"पातेल्याचा प्रश्न नाहीये. मला किळस येते. माझ्या घरात जंगली जनावर शिजणार नाही."

"पण मटण चालतं ना आपल्याकडे?"

"मटण वेगळं."

का वेगळं, हे मंजिरीला सांगता आलं नसतं. सांगावं लागलंही नाही. घर तिचं होतं.

"नो वरीज, ताई," यामिनी म्हणाली आणि स्वतःच्या हाताने पाकीट बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आली. मंजिरीने तिला गरम वरणभात वाढला आणि जेवण संपताच आल्याचा कडक चहा पुढे ठेवला. रोजच ठेवायची. माया होती ती, खोटी नव्हती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं.

पण शनिवारी भिशी होती. पाचसहा मराठी बायका, साबुदाणा वडे, आणि सांगायला काहीतरी हवं म्हणून मंजिरीने पाकिटाची गोष्ट सांगितली. रंगवून सांगितली.

"अगं बाई!" चित्रलेखा किंचाळली. "कायमचा व्हिसा मिळायच्या आधीच देश खायला निघाली पोरगी!"

सगळ्या हसून हसून लोळल्या. मंजिरीही हसली. त्या संध्याकाळी मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी कांगारूचं चित्र टाकलं. नाव कुणीच घेतलं नाही, नावाची गरजच नव्हती. पुढच्या आठवड्यात गणपतीच्या लेझीमच्या सरावाला यामिनी गेली, तर एका मुलाने विचारलं, "काय मग, पोटाच्या पिशवीत काय आणलंस आज?"

यामिनीही हसली. एवढ्या लोकांत दुसरं काय करणार?

त्यानंतर ती सरावाला गेली नाही. त्यानंतर तिने रविवारचं मटणही खाल्लं नाही. "पोट भरलंय, ताई." खोलीत नूडल्स, वर चहा. ओठ पांढुरके पडले. गाडीतून सामान आत आणताना ती दारातच बसायला लागली.

"मोबाइल कमी बघ, झोप जरा," मंजिरी म्हणायची.

स्टेशन. सकाळ. माणसं घाईत. यामिनी जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर. एक हात कठड्याकडे गेला आणि

पुढचं तिला आठवत नाही. ज्यांनी पाहिलं ते म्हणाले, मुलगी हात पुढे न करताच पडली.

जबडा दोन ठिकाणी मोडला. मनगट मोडलं. हॉस्पिटलमध्ये तिला रक्त चढवलं, मग जबडा तारांनी बांधला. दीड महिना काही चावायचं नाही. सेमिस्टर गेलं. शिफ्ट गेल्या. जी मुलगी एक घास मागत होती तिचं तोंडच आता शिवल्यासारखं बंद होतं!

वॉर्डातल्या डॉक्टर विनीता नागपूरच्या निघाल्या. बाहेर येऊन त्या मंजिरीशी मराठीतच बोलल्या.

"रक्त एका दिवसात नाही उतरलं हे. कित्येक महिन्यांचं आहे. त्यानेच चक्कर आली. घरी काय खात होती?"

"वरणभात, पोळीभाजी... आणि जेवणावर चहा. मीच द्यायचे."

"जेवणावर लगेच चहा नको हो. अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही तो. आधीच खाण्यात लोह कमी, त्यात हे."

मंजिरी भिंतीकडेच्या खुर्चीवर बसली. समोर कुणी नव्हतं, तरी जबानी सुरू झाली.

प्रश्न : तुम्ही मुलीला उपाशी ठेवलंत?
उत्तर : छे! रोज ताट वाढलं.
प्रश्न : डॉक्टरांनी तिला काय खायला सांगितलं होतं, ठाऊक होतं?
उत्तर : होतं.
प्रश्न : मग?
उत्तर : मला किळस आली.
प्रश्न : खाणार कोण होतं?
उत्तर :
प्रश्न : बरं. भिशीत ते का सांगितलंत?
उत्तर :

घरी आल्यावर तिने सगळं सासूबाईंना सांगितलं. पद्माताई साताऱ्याच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मुलाकडे राहायला येऊन त्यांना आठवडाच झाला होता.

"आई, काहीतरी बोला ना."

"तू रानडुक्कर खाल्लंयस कधी?"

"शी! नाही."

"मी खाल्लंय. माझं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं. शिकारीला बंदी नव्हती तेव्हाची गोष्ट. डुक्कर पडलं की वाटे लागायचे. आणि पहिला वाटा बंदूकवाल्याचा नसायचा. गावात जी बाळंतीण असेल, जो तापातून उठला असेल, त्याच्या घरी तो आधी जायचा. मग बाकीचे."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कशी बोलणार? लग्न होऊन शहरात आले आणि शेजारणी शी म्हणाल्या. तुझ्यासारख्याच. मग मीही शी म्हणायला शिकले." पद्माताई सरळ बसल्या. "मंजिरी, रानात हिंडलेलं, गवतावर वाढलेलं जनावर ते. अंगावर चरबी कमी, मांस लालभडक. ते काही अमृत नाही. गोळी लागते तिथे गोळीच लागते, आणि नीट शिजवूनच खायचं असतं. पण डॉक्टरने सांगितलेलं, इथल्या सरकारने तपासलेलं अन्न त्या पोरीने आणलं, आणि आपण काय केलं?"

"मी खायला हवं होतं का ते?"

"कुणी सांगितलं? तुझी किळस तुझी. तू खाऊ नकोस, कुणाची सक्ती नाही. पण तुझी किळस तू तिच्या ताटात का वाढलीस? आणि वर गावभर का वाटलीस?"

मंजिरी रडली. पद्माताईंनी रडू दिलं. जवळ घेतलं नाही.

हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञांना विचारून मंजिरीने कांगारूचा खिमा आणला. आलं, थोडा टोमॅटो, चिमूटभर गरम मसाला. पूर्ण शिजवला, मिक्सरमधून इतका बारीक काढला की स्ट्रॉमधून वर चढावा. वास अंगावर आला. तिने खिडकी उघडली आणि ढवळत राहिली.

वॉर्डात चित्रलेखा आधीच बसलेली होती. हातात फुलं, चेहरा लांब.

मंजिरीने डब्याचं झाकण काढलं. यामिनीने वास ओळखला. डोकं हलवलं, चांगल्या हाताने फोन उचलला आणि टाइप केलं : "नको ताई. परत हसतील."

चित्रलेखाने ते वाचलं आणि ती खिडकीबाहेर पाहायला लागली.

"हसलो आम्ही," मंजिरी म्हणाली. आवाज इतका चढला की पलीकडच्या कॉटवरची बाई वळली. "मी सुरू केलं, चित्रलेखा. तू पुढे नेलंस. ही पोरगी जिन्यावरून पडली नाही गं, आपण ढकलली!"

"मंजिरी, अगं, गंमत होती ती..."

"हिच्या तोंडात तारा आहेत! सांग हिला गंमत!"

मग मंजिरीने चमचा भरला आणि स्वतः गिळला. डोळ्यांत पाणी आलं, ते मसाल्याचं नव्हतं. तिने दुसरा चमचा चित्रलेखापुढे धरला नाही. सक्ती कुणावरच करायची नव्हती.

चित्रलेखाने फोन काढला. "ग्रुपवर मी लिहिते," ती पुटपुटली. "माझ्या नावाने लिहिते."

यामिनीने स्ट्रॉकडे हात केला. तीनचार घोट घेतले. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. "थँक यू" तिने टाइप केलं नाही, आणि मंजिरीने त्याची वाट पाहिली नाही.

बरी झाल्यावर यामिनी मंजिरीच्या घरी परतली नाही. एका श्रीलंकन मैत्रिणीबरोबर शहराच्या दुसऱ्या टोकाला, ग्लेन वेव्हर्लीला राहायला गेली. मंजिरी दर पंधरवड्याला फोन करते. कधी उचलला जातो, कधी नाही. तुटलेलं हाड जुळतं. आपल्या माणसांत मिळालेली लाज जुळून येईल की नाही, कोण सांगणार?

बंधुभगिनींनो, परदेशात आपण आपलं पोर म्हणून कुणाला दार उघडतो, तेव्हा त्याच्या भुकेलाही दार उघडतो. कुणी मांस खाईल, कुणी नुसती भाजी, कुणी जे आपल्याला बघवत नाही ते. आपल्याला रुचत नसेल तर मान वळवावी, ताट ओढू नये. ज्याला डॉक्टरने जे अन्न सांगितलं आहे ते त्याचं औषध आहे, आणि औषधावर हसणारा माणूस आजारात भर घालतो. उद्या तुमच्या स्वयंपाकघरात कुणी अनोळखी पाकीट घेऊन उभं राहिलं, तर आधी एवढंच विचारा : "कसं शिजवायचं हे? पातेलं कुठलं देऊ?"

बाकीचे प्रश्न त्याच्या पोटात अन्न गेल्यावर विचारता येतात.