तळ्यातला साक्षीदार

मित्रांनो, मी मोताळ्याजवळच्या एका गावतळ्यातला जुना मातीचा खुंट आहे. मला कोणी घडवलं नाही. माणसांनी माझ्या भोवतीची सगळी जमीन खणून नेली, मधोमध मला तेवढं शिल्लक ठेवलं, की झाला माझा जन्म!

खड्डा किती खोल गेला हे कळावं म्हणून असा एक खुंट न खणता ठेवतात. त्याच्या माथ्यापासून तळापर्यंत टेप लावायची आणि त्यावरून मजुरी ठरवायची. म्हणून सगळे मला साक्षीदार म्हणायचे. साक्षीदार खरा, पण तोंड नसलेला.

ते वर्ष फार वाईट होतं. कपाशी करपली, सोयाबीनला शेंगाच धरल्या नाहीत. शेतातच काही नाही, तर मजुराच्या हाताला काम कुठून मिळणार? दयाराम आणि पंचफुलाबाईंनी वीटभट्टीवर जायला बोचकं बांधलं होतं. त्यांची सारिका दहावीत होती. तीही सोबत गेली असती, म्हणजे शाळा सुटलीच म्हणायची. तेवढ्यात रोजगार हमीतून आमच्या तळ्याचं काम निघालं आणि ती दोघं थबकली.

"पयला आठवडा पाहू," दयाराम म्हणाला. "मोजमाप नीट झालं त राहू. नाही त भट्टी हायेच."

खड्डा कमरेइतका झाला. आता प्यायच्या पाण्याचा हंडा त्या धुळीत ठेवावा तरी कुठे? पंचफुलाबाईंनी माझा माथा हेरला. मोजमापाच्या आदल्या दिवशी त्यांनी तो शेणमातीनं छान सारवला आणि वर हंडा ठेवला. काय गार वाटलं म्हणून सांगू! मी तर नवरदेवासारखा मिरवत होतो.

दुसऱ्या दिवशी मोजमाप घेणाऱ्या इंजिनिअर अश्विनी मॅडम आल्या. माझा ओलसर माथा पाहताच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"खुंटावर माती चढवलीत? खड्डा खोल दिसावा म्हणून?"

साप साप म्हणून भुई धोपटायची म्हणतात ना, त्यातली भुई मी!

दयाराम बायकोकडे पाहून पुटपुटला, "काऊन सारवलं वं तू? आता पोरीले संगं न्या लागते."

पंचफुलाबाई पुढे झाल्या. "मॅडम, म्याच सारवलं त्याले. हंडा ठेवाचा होता. बिनसारवल्या जागेवर पाणी ठेवणं मले बरं नाही वाटत."

माझा जीव नुसता तुटत होता. कधी नव्हे ते मला तोंड हवं होतं.

मॅडम कडक होत्या, पण उतावळ्या नव्हत्या. त्यांनी स्वतः फावडं घेतलं आणि माझा माथा खरवडला. सारवण जेमतेम पापुद्र्याएवढं निघालं. त्याखाली गेल्या पावसाळ्यातली वाळलेली हराळी होती, मुळं खोल आत गेलेली. मूळची जमीन तिथूनच सुरू होत होती.

"टेप लावा इथून," मॅडम म्हणाल्या आणि हसल्या. "मावशी, पुढच्या वेळी मोजून झाल्यावर सारवा."

आठवड्याची मजुरी आली आणि बोचकं सुटलं. काम उन्हाळाभर चाललं. सारिकानं गावातूनच दहावीची परीक्षा दिली. आता ती बुलडाण्याला नर्सिंग शिकते. तळं भरलं, आसपासच्या विहिरींना पाणी टिकू लागलं. पंचफुलाबाईंच्या कोरडवाहू तुकड्यात हिवाळ्यात हरभरा डोलू लागला. मी गळ्याइतक्या पाण्यात उभा असायचो आणि बगळे माझ्या डोक्यावर बसून मासे टिपायचे. फार सुखाचे दिवस होते ते.

पण दरवर्षी गाळ येत गेला. पाणी दिसतंय ना, मग खाली कोण बघतो? तळं उथळ झालं आणि कोणाच्या ध्यानातही आलं नाही. यंदा पुन्हा पावसानं दगा दिला, तेव्हा कुठे सगळ्यांना तळं आठवलं. रोजगार हमीचंच काम लागलं, गाळ निघाला, आणि आज मलाही काढायचं ठरलं. तेवढंच पाणी जास्त मावेल.

दयारामनं टिकाव उगारला, तर पंचफुलाबाई म्हणाल्या, "थांबा हो. मलेच काढू द्या त्याले. हळूच."

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. फक्त ज्या खड्ड्यानं माणसांना गावात ठेवलं, तो पुन्हा बुजू देऊ नका. हे मी तुम्हाला पंचफुलाबाईंच्या डोक्यावरच्या घमेल्यातून सांगतोय. जन्मभर एका जागी उभा राहिलो, आणि आज पहिल्यांदाच चाललोय, त्यांच्या हरभऱ्याच्या वावरात.