तेरा सह्या

अकराव्या मजल्यावर ताईला जी खोली मिळाली होती, तिला तीन बाजूंनी काच होती आणि चौथ्या बाजूला तिच्या पदाची पाटी. पद एवढं लांबलचक की पाटी दोन ओळींची करावी लागली. ताईच्या नवऱ्याने ती पाटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि विचारलं, "म्हणजे तू नक्की काय करतेस?"

"असते," ताई म्हणाली.

नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. "असणं हेही कामच आहे," तो म्हणाला. "डोंगर दुसरं काय करतात?"

ताई तेव्हा हसली होती. त्याला आता बावीस महिने झाले होते, आणि डोंगराला निदान जागा बदलावीशी वाटत नाही, एवढाच फरक उरला होता.

बावीस महिन्यांपूर्वी ताईने आपली कंपनी या मोठ्या कंपनीला विकली. छोटीशीच होती, पण तिची होती. तरुणपणी ती एका रुग्णालयाच्या भांडारात होती. चादरी धुवायला जायच्या आणि परत येताना त्यातल्या काही गायब व्हायच्या, आणि बोलणी मात्र ताईच्या वाट्याला यायची. त्या रागातून तिने चादरीच्या काठात शिवायची, चादर कुठे गेली ते सांगणारी चिप बनवली. चिप काय, कुणीही विकत आणेल. ती शंभर वेळा उकळत्या पाण्यातून गेली तरी शिवण उसवू नये, ही खरी मेख होती, आणि तो टाका बसवला मास्तरांनी. मास्तर म्हणजे शिंपी, ताईचा कंपनीतला पहिला माणूस. मग हळूहळू एका खोलीच्या चार झाल्या आणि दोघांचे तेरा.

विक्रीच्या बैठकीत समोरच्यांनी विचारलं होतं, "तुमची माणसं मध्येच सोडून गेली तर?" ताईने छाती फुगवून सांगितलं, "मी आहे तोवर एकही हलणार नाही. आणि मी कुठे जातेय? हवं तर लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं.

टेबलाखालून मावशीने तिला तेव्हा लाथ मारली होती. ताईला वाटलं, चुकून पाय लागला असेल. मावशी नात्याची नव्हे. ताईच्या कंपनीत पहिली गुंतवणूक तिने केली होती आणि पहिल्याच भेटीत दम भरला होता की मला मॅडम म्हणालीस तर चहासुद्धा पाजणार नाही. मावशीने आधी बँकेत नोकरी केली, मग एक कारखाना चालवला, आणि आता साठी उलटल्यावर, तिच्याच शब्दांत, "नोकरी सोडणाऱ्यांच्या नादी" लागली होती. तिला कळतं ते ताईला फार उशिरा कळायचं. सगळ्यांच्या शेअरची अर्धी रक्कम लगेच मिळाली. उरलेली अर्धी तीन वर्षांनी, आणि तीही ताई तीन वर्षं टिकली तर. तिने मध्येच राजीनामा दिला असता तर तिचं तर गेलंच असतं, बाराजणांचंही गेलं असतं. म्हणून ताई रोज सकाळी साडेनवाला लिफ्टमध्ये शिरायची आणि अकरावं बटण दाबायची.

त्या सोमवारी मावशीचा फोन आला.

"ऐक. शस्त्रक्रियेची हत्यारं. कात्र्या, चिमटे, सगळं. कुठली कात्री कुठे गेली, धुतली की नाही, पत्ता नसतो. चार रुग्णालयं माझ्या डोक्यावर बसलीयत. करशील?"

"मावशी, माझा करार..."

"तुझ्या करारात बंदी कापडाची आहे, लोखंडाची नाही. मी वाचूनच फोन केलाय. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांग. नाहीतर दुसरा एक जण आहे. तुझ्याइतका हुशार नाही, पण मोकळा आहे."

फोन ठेवला तेव्हा ताईच्या लक्षात आलं, आपण खुर्चीतून उठून उभ्या आहोत. बावीस महिन्यांत कामासाठी ती पहिल्यांदा उभी राहिली होती.

आणि बुधवारी, जणू कुणी ठरवून जुळवावं तसा, हसरा तिच्या खोलीत आला. हसरा म्हणजे तिचा साहेब. तिच्याहून दहा वर्षांनी लहान, आणि आनंदाची बातमी असो की कुणाला काढायचं असो, तोंडावर तेच हसू. त्याने एक कागद पुढे सरकवला. कंपनीला ताईचं जुनं शिवणघर बंद करायचं होतं. सगळ्यांनी सह्या केल्या तर उरलेल्या रकमेतला मोठा भाग लगेच देऊन सगळ्यांना मोकळं करायला ते तयार होते.

"तेरा सह्या लागतील, मॅडम. बारा झाल्या तर काहीच झालं नाही असं समजू."

"आणि कुणी नाही म्हणालं तर?"

"तर काय, आहे तसं. चौदा महिने शिवणघर चालू, आणि आम्हाला तुमचा सहवास," तो हसत म्हणाला.

शुक्रवारी दुपारी ताई कागद घेऊन शिवणघराच्या जिन्यापाशी पोचली आणि तिथेच घुटमळली. मुद्दाम जायला काही कामच उरलं नसल्याने ती इथे चार महिन्यांत फिरकली नव्हती. आता कुठल्या तोंडाने सांगायचं? मी कंटाळले, मला दुसरं काहीतरी मिळतंय, म्हणून तुम्ही तुमचं शिवणघर सोडा? तिने मनात तीन भाषणं तयार केली होती. तिन्ही दाराशीच विसरली.

"अगंबाई, ताई!" वहिनी ओरडली. माल बांधायचं काम वहिनीकडे होतं, आणि ती कुणाचीच नसून सगळ्यांची वहिनी होती. "वाळलीस किती! वर खायला देत नाहीत की काय?"

"देतात. चव देत नाहीत."

कुकर आपल्या संगणकामागून उठलीसुद्धा नाही. चिपचं सगळं गणित याच मुलीच्या हातात, आणि दिवसातून तीनदा तिची शिट्टी व्हायची म्हणून नाव कुकर. ती तिथूनच म्हणाली, "कागद आणलायस म्हणजे काहीतरी वाईट आहे. सांगून टाक एकदाचं."

ताईने सांगून टाकलं. मावशी, लोखंड, हसरा, तेरा सह्या, सगळं. सांगताना ती कुणाकडे न बघता शिलाईच्या टेबलावरचे दोरे गोळा करत राहिली. "तुमची इच्छा नसेल तर विषय संपला," ती शेवटी म्हणाली. "मी तुमच्या जिवावर उडी मारणार नाही."

मग माल पोचवणारे धोबीदादा खुर्चीतल्या खुर्चीत गदगदा हलायला लागले. ताईला वाटलं, रडताहेत.

"दादा?"

"अगं ताई," धोबीदादा हसू आवरत म्हणाले, "माझी बहीण वर्षभर बोलावतेय. दुकान सांभाळायला कुणी नाही तिचं. तिला मी काय सांगतो? ताईला टाकून कसा येऊ?"

"मला का टाकणार तुम्ही?"

"तुला तुझा स्वतःचा करार ठाऊक नाही?" कुकर उठून आली. "आमच्यातले दोघं गेले तर चालतं. तिसरा गेला की तुझी अर्धी रक्कम बुडाली. म्हणून पहिलं पाऊल कुणीच उचललं नाही. पहिल्याच दिवशी आम्हाला इथे ओळीने बसवून समजावलंय त्यांनी. मी दोन नोकऱ्या नाकारल्या, दोन! तुझ्यासाठी!"

"माझ्यासाठी? आणि मी तिथे काचेत मासोळीसारखी बसलेय ती कुणासाठी?"

"आमच्यासाठी?" वहिनीने कपाळाला हात लावला. "अगं, आम्हाला काय माहीत! आम्ही म्हणायचो, ताईची मजा आहे, वर बसून पाय हलवते."

मग जे हसणं सुटलं ते सुटलंच. बावीस महिने तेराजण एकमेकांवर उपकार करत होते आणि मनातल्या मनात एकमेकांना शिव्या देत होते. हसता हसता पेन आलं. धोबीदादांनी पहिली सही ठोकली, खाली तारीखही घातली. वहिनीने सही करण्याआधी हात पदराला पुसले. कुकरची सही कागद फाटेल इतक्या जोराने. ताईनेही केली. बारा झाल्या, आणि कागद खिडकीजवळच्या मशीनपाशी गेला.

मास्तर एवढा वेळ शिवतच होते. त्यांचं हे नेहमीचंच, गोंधळ कितीही असो, टीप पूर्ण झाल्याशिवाय मान वर होत नसे. टीप संपली. दोरा त्यांनी दातांनी तोडला आणि शिवण अंगठ्याने चाचपली.

"मास्तर, तुमचीच राहिली," ताई म्हणाली.

"हो. ऐकलं सगळं." त्यांनी पेन घेतलं. कागद घेतला, मशीनच्या पाटीवर सरळ केला. मान जराशी वाकडी केली, मग दुसऱ्या बाजूला केली. पेन हवेतच.

"मास्तर?"

"कुठे करायची, दाखव."

"ही काय, खाली. तुमचं नावच आहे."

"अगं, बोट ठेव ना माझं त्यावर."

ताईने त्यांचा हात हातात घेतला आणि मग त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. मास्तर तिच्या कानाकडे बघत होते.

"कधीपासून?" तिने हळूच विचारलं.

"वर्ष झालं. मधलं जातं. कडेकडेचं दिसतं. तुझं तोंड नाही दिसत, कान दिसतात. काही वाईट नाही, तुझे कान चांगले आहेत." ते हसले. मागे कुणी हसलं नाही.

"सुया मी ओवते त्यांना," वहिनी खाली मान घालून म्हणाली. तिची सही त्या कागदावर चौथी होती.

"सांगायचं नाही का, मास्तर?"

"काय सांगायचं? घरी कळलंय, पुरे झालं. सून चांगली आहे हो, वाईट नाही. पण घरी मी उठलो की सगळे उठतात. पाणी प्यायला गेलो की चौघं धावतात. पेला हातात देतात माझ्या." त्यांनी मशीनच्या चाकावर तळवा ठेवला. "इथं मला दिसतं. कात्री इथं, बॉबिनचा डबा इथं, तीन पावलांवर वहिनी, पाच पावलांवर कुकर, रागावलेली. या खोलीपुरतं मला सगळं दिसतं."



"पण तू म्हणशील तर करतो," मास्तर म्हणाले. "बाकीच्यांचं आयुष्य आहे. तुझं आहे. लोखंडाला टाके घालता येत नाहीत, ते मला समजतं. तू फक्त बोट ठेव, मी करतो सही. मनात काही ठेवणार नाही."

आणि ते खरं होतं. मास्तर मनात काही ठेवणारे नव्हते, हेच तर ताईचं सगळ्यात मोठं संकट होतं. त्यांनी आरडाओरडा केला असता, अडून बसले असते, तर तिला भांडता आलं असतं. त्यांचं बोट तिच्या मुठीत होतं, सुईने टोचून टोचून टणक झालेलं. ओळ दोन बोटांवर होती. एवढंच अंतर. मागे अकराजण उभे होते आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं, तिने ते बोट खाली सरकवावं. आणि तिला स्वतःला? तिला तर सोमवारपासून स्वप्नांतही कात्र्याच दिसत होत्या.

मग तिने त्यांचा हात उचलून पुन्हा चाकावर ठेवला.

"राहू दे, मास्तर."

"बरं," मास्तर म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की तिला कळलं, हा माणूस किती घाबरून बसला होता.

"राहू दे?" कुकरची शिट्टी झाली. "एका खुर्चीसाठी? बाराजण? चौदा महिने? ताई, तू देवी व्हायचं ठरवलंयस, हो. आम्हाला का बसवतेस शेजारी?"

"हळू बोल," वहिनी म्हणाली.

"हळूच बोलत होते वर्षभर! आता लाज गेली ना सगळ्यांची? मग स्पष्ट बोलते. दोघांना जाता येतं. त्यातली एक मी. सोमवारी राजीनामा देते."

कुकरचं खोटं नव्हतं, आणि कुठलंही उत्तर दिलं असतं तर ते उपदेशासारखं वाटलं असतं. ती फोन घेऊन जिन्यात गेली.

"मावशी, नाही जमणार."

मावशी म्हणाली, "कोण आडवं आलं?"

"कुणीच नाही. मीच."

"अगं, त्या वेळी टेबलाखाली लाथ मारली होती ना तुला?"

"आता लागली, मावशी."

"उशीर केलास," मावशी म्हणाली, पण रागावून नव्हे. "ठीक. मी त्याला फोन करते. तू रडू नकोस जिन्यात उभी राहून, आवाज घुमतो." आणि तिने फोन ठेवला. मावशीने नंतर पुन्हा विचारणं, समजूत काढणं, असलं काही केलं नाही. तिच्याकडे दहा जणांच्या फायली होत्या, आणि त्यातली एक आता बंद झाली होती.

ताईने तोंडावरून हात फिरवला आणि वर आली. दाराशीच तिला आवाज ऐकू आले. धोबीदादा म्हणत होते, माझी बहीण आहे, माझं आधी. कुणीतरी म्हणालं, बहीण सगळ्यांनाच असते. वहिनीचा आवाज चढला होता. बावीस महिन्यांत जी जागा कुणी मागितली नव्हती, ती दुसरी मोकळी जागा आता सगळ्यांना हवी होती.

ती आत आली तसे सगळे बाजूला सरले. टेबलावर चिठ्ठ्या होत्या. जुन्या पावतीचे फाडलेले तुकडे, चार घड्या घातलेले, बॉबिनच्या रिकाम्या डब्यात.

"दहा नावं आहेत," कुकर तिच्याकडे न बघता म्हणाली. "माझी नाही. मास्तरांनी नको म्हटलं. आणि तुझी टाकली नाही, तुला चालत नाही ना."

"नाही," ताई म्हणाली, "मला नाही चालत."

"मग तूच उचल," वहिनीने डबा पुढे केला. "तू उचललीस तर भांडणार नाही कुणी."

दहाजण टेबलाभोवती दाटून उभे राहिले. एवढ्या जवळून, एवढ्या आशेने त्यांनी तिच्याकडे आजवर कधी बघितलं नव्हतं. खिडकीपाशी मशीन पुन्हा सुरू झालं.

ताईने डब्यात हात घातला.