सुलमाकाकूंचे आभार

मी एक जुना तुंबा आहे, म्हणजे पोकळ भोपळ्याचं भांडं. मित्रांनो, भोपळा म्हटलं की तुम्हाला गणिताचा पेपर आठवत असेल, पण माझं नशीब त्याहून बरं निघालं. माँटेव्हिडिओ शहराजवळच्या एका परसात मी वेलीवर वाढलो. निदियाच्या वडिलांनी मला वाळवलं, चमच्याने आतून खरवडलं, ओली पानं भरून मुरवलं. तेव्हापासून माझ्यात माटे नावाच्या झाडाची भरड पानं पडतात, वर गरम पाणी पडतं आणि सगळे एकाच नळीने आळीपाळीने तो कडू रस पितात. उष्ट्याचा विचार आमच्याकडे कुणी करत नाही.

वडिलांमागे मी निदियाकडे आलो. ती स्वतःची गाणी स्वतःच रचते, घरीच ध्वनिमुद्रित करते, गल्लीतल्या क्लबात गाते. संध्याकाळी फुटपाथवर खुर्च्या निघाल्या की मी हातोहात फिरायचो. रुबेन पाववाला थापा मारायचा, शेजारच्या सुलमाकाकू त्याची फिरकी घ्यायच्या आणि निदिया पाणी ओतत ऐकायची. तिच्या गाण्यांत जे काही जिवंत होतं ते या खुर्च्यांवरून आलेलं, हे मी शपथेवर सांगेन.

एकदा काकू बोलून गेल्या, की मुलगा स्पेनला गेला तरी हात अजून दोन ताटं मांडतो. निदियाने त्याचं गाणं केलं. क्लबात लोकांचे डोळे पाणावले, आणि ते सगळे डोळे काकूंकडे वळले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला रिकामं करून निदियाच्या हाती दिलं आणि म्हणाल्या, "आभारी आहे." तुंबा परत देताना कुणी आभार मानले, की आमच्याकडे समजायचं, त्या माणसाला आता आणखी नको. काकू खुर्ची उचलून घरात गेल्या, त्या पुन्हा आल्याच नाहीत.

हळूहळू बाकीच्या खुर्च्याही उठल्या. निदिया दार लावून चंद्रावर नि समुद्रावर गाणी करू लागली. रुबेन ऐकून म्हणाला, "चाल छान आहे गं पोरी, पण यात माणूस कुठे राहतो?" तिने मला ओल्या पानांसकट फळीवर ठेवून दिलं. माझ्या अंगात बुरशी चढली. मला फार एकटं वाटायचं.

शेवटी एका रविवारी तिने मला घासलं, उन्हात वाळवलं, थर्मास काखेत मारला आणि काकूंचं दार वाजवलं.

"काकू, ते गाणं मी पुन्हा गाणार नाही."

"गाणं वाईट नव्हतं," काकू दारातूनच म्हणाल्या. "पण दुसऱ्या ताटात बोका जेवतो, रोज माझ्याआधी, तो कुठे गेला? नुसती बिचारी करून टाकलंस मला. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

निदिया पायरीवर बसली. तिने पाणी ओतून मला पुढे केलं. "बोक्याचं नाव काय?"

"कशाला? त्यालाही गाण्यात घालणार?"

"त्याला विचारून."

काकूंनी हसू दाबलं आणि मला हातात घेतलं.

मित्रांनो, माझ्यासारख्याला वापरल्यावर रिकामं करा, ऊन दाखवा, एवढंच मागणं. आणि कुणाचं दुःख उचलाल, तर त्या माणसाला विचारून उचला.

नळी खुरखुर वाजेपर्यंत काकू प्यायल्या. मग त्यांनी मला निदियाच्या हाती परत दिलं. आभार मानले नाहीत.