गाउदियोसाचं चीज

सण चार दिवसांवर आला आणि गाउदियोसाचा पाय मुरगळला. विहिरीची एक पायरी चुकली, एवढंच. पण घोटा भोपळ्यासारखा सुजला.

डोंगरउतारावरच्या त्या सिसिलियन गावात यहुद्यांची चाळीस घरं होती, आणि चाळीसही घरांत चीज जायचं ते या विधवेचंच. धनगर कोला ख्रिस्ती होता. तो दूध काढताना एखाद्या यहुद्यानं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते यहुद्यांच्या आळीत धर्माला चालायचं नाही. म्हणून गेली अकरा वर्षं ती स्वतः डोंगर चढून त्याच्या मेंढवाड्यावर जात होती.

या खेपेला तिनं आळीतल्या साबेत चांभाराला पाठवलं. संध्याकाळी तो आणि कोला भरलेल्या घागरी घेऊन आले.

"मावशी, हे घे दूध," साबेत म्हणाला.

"घेऊ नकोस," कोला म्हणाला. "हा ओकच्या झाडाखाली घोरत होता."

"अरे मेल्या! तू गप्प बसला असतास तर कुणाला कळणार होतं?"

"मला कळलं होतं ना."

गाउदियोसानं कपाळावर हात मारला. दूधदुभत्याचा सण, आणि तोही चिजाशिवाय! सगळं दूध कोलाला परत न्यावं लागलं. रात्रभर ती कुढत राहिली.

सकाळी घंटांच्या किणकिणाटानं तिला जाग आली. लंगडत खिडकीशी जाऊन बघते तो काय, आळी या टोकापासून त्या टोकापर्यंत मेंढ्यांनी भरलेली! मध्ये कोला उभा.

"म्हातारे, जागची हलू नकोस. मी इथंच दूध काढतो, तू तिथूनच बघ."

"अरे, पण एवढ्या सगळ्या?"

"चार आणल्या तर बाकीच्या रुसतात."

आळीत नुसता हलकल्लोळ उडाला. कुणाची वाळत टाकलेली टोपी गेली, कुणाचा पुदिना. तीन मेंढ्या प्रार्थनेच्या सभास्थानात शिरल्या आणि सणासाठी बांधलेल्या हिरव्या फांद्या फस्त करू लागल्या. आळीचे प्रमुख बुसाक्का झाडू घेऊन धावले. वर गाउदियोसा खिडकीतून ओरडत होती, "कोला, घागर आधी विसळ! मला दिसतंय हं सगळं!" आणि हसता हसता डोळे पुसत होती.

सणाला सभास्थानाची सजावट अर्धीच होती, पण चीज घरोघरी पोचलं. सर्वांत मोठा गोळा तिनं कोलाच्या हातावर ठेवला. त्यानं दारातच मोठा तुकडा तोंडात टाकला.

"मीठ जरा जास्त झालंय."

"अकरा वर्षं एवढंच घालतेय!"

"मला कधी दिलंस?"

गाउदियोसा ओशाळली. मग बाजूला सरकून म्हणाली, "आत ये. भाकरीबरोबर खा."